मत तिचं, पण बातमी कुणाच्या फोनवर?

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागत होता, आमच्या घरी सकाळपासून टीव्ही चालू होता आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या चॅनेलवर ठरून गेलं होतं की हा निकाल लाडक्या बहिणींचा. महायुतीला २८८ पैकी २३० जागा आणि कारण काय तर लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशे रुपये. मग ते वाक्य टीव्हीतून बाहेर पडलं, स्टाफरूममध्ये आलं, एसटीत आलं, फॅमिली ग्रुपवर आलं, आणि फिरता फिरता बदलत गेलं. आधी होतं बायकांनी मत दिलं, दोन दिवसांत झालं बायकांनी मत विकलं. एका चांगल्या शिकलेल्या माणसाने हे माझ्यासमोर म्हटलं, मी स्वतः बाई, मी स्वतः मतदार, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी तेव्हा गप्प बसले. ते मला अजून लागतं, म्हणून लिहितेय.

मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. २००८ ला केंद्राने कर्जमाफी दिली आणि पुढच्याच वर्षी लोकसभा झाली. २०१७ ला राज्याने दिली, २०१९ च्या शेवटी महात्मा फुल्यांच्या नावाने परत दिली. माझ्या वडलांना कुणी तोंडावर म्हटलं नाही की तुम्ही मत विकलंत, आणि म्हणायलाही नको होतं, कारण पीक गेलेल्या माणसाने सरकारकडे मागणं हा त्याचा हक्क आहे असं आपण मानतो. मी नोकरी करते शाळेत. मार्च २०२३ ला आम्ही राज्यातल्या सरकारी आणि शिक्षक मंडळींनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, आणि "व्होट फॉर ओपीएस" ही मोहीम तर देशभर उघड चालली, म्हणजे जो पेन्शन देईल त्याला मत असं आम्ही छातीठोक सांगत होतो. त्याला काय म्हटलं गेलं? हक्काचा लढा. मग जिच्या नावावर शेत नाही, जिला पगार नाही, पेन्शन नाही, जी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि त्या कामाचा कुठेच हिशोब नाही, तिच्या खात्यात पहिल्यांदा तिच्या नावाने पैसे आले आणि ते तिने मत देताना लक्षात ठेवलं तर ती विकली गेली? हा फरक कुठून येतो हे मला कुणीतरी सरळ सांगावं.

आता योजनेबद्दल माझं म्हणणंही सांगून टाकते. योजना जाहीर झाली २८ जून २०२४ च्या बजेटमध्ये, निवडणूक आली नोव्हेंबरात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहिता लागायच्या आधीच एकत्र खात्यात पडले. हे टायमिंग कशासाठी होतं हे बायकांना कळत नव्हतं असं समजू नका, आमच्या इथल्या बायका सरळ म्हणत होत्या की इलेक्शन आलंय म्हणून देतायत, घ्या. मग प्रचारात यांनी एकवीसशे करू म्हणून सांगितलं. समोरच्या आघाडीने काय केलं, तर महिना तीन हजार जाहीर केले. म्हणजे बोली लागली. आणि त्या बोलीच्या गोंधळात कुणी बाईला हे विचारलं नाही की बाई, पैशाशिवाय तुझं अजून काय म्हणणं आहे, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई असते का, मुलीला कॉलेजला जायला सकाळची गाडी आहे का, रात्री गल्लीत लाईट असते का. माझा राग त्याच्यावर आहे. पैशावर नाही.

आणि बायका पंधराशेमुळे मतदानाला यायला लागल्या हे तर धडधडीत खोटं आहे. १९६२ च्या लोकसभेत पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४७ च्या आसपास, सोळा-सतरा टक्क्यांचा खड्डा. तो खड्डा बायकांनी हळूहळू, निवडणुकीमागून निवडणूक भरून काढला, २०१९ ला पहिल्यांदा देशात बायका पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या, आणि २०२४ च्या लोकसभेला पण तेच, बायका ६५.७८ आणि पुरुष ६५.५५. २०१९ ला महाराष्ट्रात लाडकी बहीण कुठे होती? राज्याच्या विधानसभेला बायकांचं मतदान २०१९ ला ५९ टक्के होतं ते २०२४ ला ६५ झालं हे खरंय, त्यात योजनेचा वाटा असणार हेही मी नाकारत नाही. पण त्याच्या मागे सातवी-आठवीच्या पुढे शिकलेल्या मुलींची एक अख्खी पिढी आहे, पंचायतीत ५० टक्के आरक्षणामुळे सरपंच झालेली शेजारीण आहे, बचत गट आहे, अर्ध्या तिकिटात तालुक्याला जाऊन येणारी सासू आहे. एवढं सगळं एका हप्त्यात बसवायचं म्हणजे फार सोपं करून टाकणं झालं.

मी निवडणूक ड्युटी बऱ्याच वेळा केलीय. दोन नंबरचं टेबल असतं ना, शाई लावणारं, ते बऱ्याचदा माझ्याकडे येतं. बाई येते, डावा हात पुढे करते, रजिस्टरवर सही करते किंवा अंगठा देते, मी तिच्या तर्जनीला शाई लावते, एवढा वेळ मी तिच्या एकदम जवळ असते. हात बघितले की कळतं, कुणाच्या बोटाला कापसाच्या बोंडाचे ओरखडे, कुणाच्या नखात पीठ, कुणी घाईघाईत कामावरून तशीच आलेली. आणि दर निवडणुकीला निदान दहा-बारा वेळा दाराबाहेरून आवाज येतो, "अगं लक्षात आहे ना, वरून तिसरं." केंद्राध्यक्ष त्या माणसाला हाकलतात. पण मला नेहमी वाटतं की दारातून हाकललं म्हणून काय झालं, तो आवाज तर तिच्या घरात गेला महिनाभर चालू असणार.

एकदा एक म्हातारी मतदान करून बाहेर निघाली आणि जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबून एवढंच म्हणाली, "आत कुनीच नव्हतं बगा." मला आधी कळलं नाही. मग कळलं. मोबाईल आत चालत नाही, नवरा आत येत नाही, मुलगा येत नाही, पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे ती एकटी असते, बटण दाबलं की शेजारच्या मशीनच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती तिची तीच बघते. एवढा वेळ तरी ती कुणाची कुणी नसते.

पण त्या सात सेकंदांच्या आधी काय झालं, ती कशाच्या आधारावर आत आली, कुणी तिला काय सांगितलं आणि काय सांगितलंच नाही, हा माझा खरा मुद्दा आहे.

गावात पेपर कुठे येतो ते आठवून बघा. हॉटेलात येतो, सलूनमध्ये येतो, ग्रामपंचायतीत येतो, पारावर येतो. यातल्या एकाही ठिकाणी बाई बसून पेपर वाचू शकत नाही. घरी पेपर घेणारी घरं थोडी, त्यातही तो आधी बाप्यांच्या हातात फिरतो आणि बाईच्या हातात येतो तेव्हा डब्याखाली घालायचा झालेला असतो. टीव्हीचं बघा. चॅनेलवाल्यांच्या मोठ्या चर्चा संध्याकाळी सहा-सात ते नऊ-दहा, म्हणजे नेमक्या चुलीच्या वेळेत, ती स्वयंपाकघरातून आवाज ऐकते, कोण कोणावर ओरडतंय एवढं ऐकू येतं, का ओरडतंय ते पोळ्या लाटता लाटता कसं कळणार. आणि मोकळी होऊन ती टीव्हीपुढे बसते तेव्हा तिने सिरीयल लावली तर आपण म्हणतो, बायकांना राजकारणात इंटरेस्ट नसतो.

मग उरतो फोन. सगळे म्हणतात आता काय, घरोघरी स्मार्टफोन आलाय. घरोघरी आलाय, बरोबर, पण घरात तो कुणाचा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं २०१९ ते २१, त्यात देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की आपल्याला स्वतः वापरायला फोन आहे. फोन, स्मार्टफोन नाही. आणि आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७. त्यानंतर कोविडची शाळा झाली, रिचार्जचे पॅक आले, आकडे नक्कीच वाढले असतील, पण वाढले म्हणजे तिच्या हातात आले असं नाही. मी वर्गात मुलांना विचारते, आईचा नंबर द्या. निम्मी मुलं विचारतात, मॅडम, पप्पांचा चालेल का? कारण आईचा नंबर म्हणजे घरातला जुना फोन, ज्याची बॅटरी टिकत नाही, ज्यात गेम खेळायला धाकटा बसलेला असतो, ज्याचा रिचार्ज संपला की महिना महिना मारलाच जात नाही.

याचा राजकारणाशी काय संबंध? तर लाडकी बहीणच्याच ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणीचं बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने सांगितलं की लाभार्थी बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडलांचं आधारही जोडा. म्हणजे ओटीपी नवऱ्याच्या फोनवर. विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, घटस्फोट झालेल्या होत्या, वडील कधीच वारलेले, त्या कुणाचा ओटीपी आणणार? आमच्या इथल्या एकीचा नवरा सहा वर्षं झाली घर सोडून गेलाय, त्याचा पत्ता नाही. ती माझ्याकडे येऊन रडली, पैशासाठी नाही, म्हणाली आता परत त्याच्यापुढं हात पसरायचा का. ओरड झाल्यावर मुदत वाढली आणि अशा बायकांसाठी वाट काढली गेली, पण मुळात तो रकाना लिहिताना कुणाच्या मनात हे आलं कसं नाही?

हे वाचताना मला पहिली निवडणूक आठवते, म्हणजे ऐकलेली, वाचलेली. १९५१-५२ ला मतदार यादी करताना लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगितलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की नाव पाहिजे, नात्यावर चालणार नाही, आणि त्यात जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. कठोर निर्णय होता. पण त्यामागचा विचार किती मोठा होता बघा, की मत अमक्याच्या बायकोला नाही, त्या बाईला आहे, तिच्या नावाने आहे. सत्तर वर्षांनी आपण तिच्या नावाने खातं काढलं आणि किल्ली परत अमक्याच्या फोनवर ठेवली.

निवडणुकीच्या दिवसांत बाईपर्यंत जे पोचतं ते कसं पोचतं हे मी जवळून बघितलंय. बचत गटाचा व्हॉट्सॅप ग्रुप असतो. तिथे कर्जाचा हप्ता, मीटिंगची वेळ, कुणाच्या घरी बारसं हे चाललेलं असतं. निवडणूक आली की त्या ग्रुपमध्ये कुणीतरी नवीन नंबर येतो, ताई म्हणून बोलतो, आणि मग रोज एक रील, रोज एक बॅनर, सणाच्या शुभेच्छा, ओवाळणीचा फोटो. इच्छुकांचं हळदीकुंकू होतं, पैठणीचे खेळ होतात, वाण म्हणून डबे वाटले जातात, आणि स्टेजवर साडेतीन तासांत मतदारसंघातल्या पाण्याचा विषय एकदाही निघत नाही. रेकॉर्ड केलेला फोन येतो, "नमस्कार ताई". मी या सगळ्याला गेलेय, बायकांबरोबर हसलेय, उखाणे घेतलेत, तेवढ्या वेळात घरातून बाहेर पडायचा आनंद किती असतो हे मला माहितीय आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण एवढ्या सगळ्यातून तिच्या हातात माहिती म्हणून काय आलं? योजनेचं नाव, रक्कम आणि देणाऱ्याचा फोटो. उमेदवारावर गुन्हे किती, मागच्या पाच वर्षांत आमदाराने सभागृहात काय विचारलं, आमदार निधी कुठे गेला, यातलं काहीच तिच्या ग्रुपवर येत नाही, ते सगळं बाप्यांच्या ग्रुपवर भांडणाच्या रूपात येतं.

मीडियाही तिला तसंच बघतो. निवडणूक आली की बूम घेऊन पोरं-पोरी भाजी मार्केटला जातात आणि बाईला विचारतात, वहिनी, कांदा किती, सिलेंडर किती. महागाईचा प्रश्न मोठाच आहे, तो विचारावाच. पण दुसरा प्रश्न का नाही विचारत? ऊसदरावर बाईला का नाही विचारत, खुरपणी, बेणं तोडणं, लागण तीच करते ना? आरक्षणावर, पीकविम्यावर, शाळांच्या समायोजनावर, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामावर तिचं मत नसतं का? एकदा आमच्या गावात एक टीम आली, चौकात घोळका जमला, सगळे पुरुष, पाऊण तास चर्चा झाली, शेवटी अँकर म्हणाली आता महिलांशी बोलूया, दोघी पुढे आल्या, त्यांना विचारलं पैसे मिळाले का. मिळाले, एवढंच त्या बोलल्या. कॅमेरा बंद झाल्यावर त्यातली एक सलग दहा मिनिटं तलाठी ऑफिसबद्दल बोलत होती. ते कुणीच रेकॉर्ड केलं नाही.

आणि मग कुणी म्हणतं बायकांना राजकारण कळत नाही. महाराष्ट्रात राहून हे म्हणायचं? १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायका रस्त्यावर आणल्या, हातात लाटणी होती, थाळ्या होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून भांडून मृणालताईंचं नावच पाणीवाली बाई पडलं आणि १९७७ ला त्या लोकसभेत गेल्या. तेव्हा कुठला ग्रुप होता, कुठलं रील होतं? चाळीत एकीने दुसरीला सांगायचं, नळावर सांगायचं, लोकलच्या डब्यात सांगायचं.

आणि जुनं कशाला, बाटली आडवी करायचं बघा ना. आपल्याकडे नियम आहे, गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं, चिन्ह असतात उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि आडवीला एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. झालेल्या मतांच्या निम्मी नाही, यादीतल्या निम्मी. आमदार निवडून यायला सुद्धा एवढं लागत नाही. तरी राज्यात कितीतरी गावांत बायकांनी ही बाटली आडवी केलीय. त्यासाठी सह्या पडताळणीला हजर राहणं, यादी मिळवणं, परगावी गेलेल्या सुनेला मतदानाला बोलावणं, दुकानदाराच्या माणसांच्या धमक्या ऐकणं, घरातल्या पिणाऱ्याचा मार खाणं, हे सगळं त्यांनी केलं. हे राजकारण नाही तर काय आहे? फक्त याची बातमी जिल्हा पानावर चार ओळी येते आणि निवडणुकीच्या विश्लेषणात तर येतच नाही.

तिथे त्या का जिंकल्या? कारण विषय त्यांचा होता, नियम त्यांना समजावून सांगणारं कुणीतरी होतं, आणि बोलायला त्यांची त्यांची जागा होती. विधानसभेला-लोकसभेला यातलं काय असतं? विषय वरून ठरून येतो, नियम कुणी सांगत नाही, आणि जागा असते त्या ग्रुपची, ज्यात पक्षाचा माणूस बसलाय आणि घरचेही बघतायत.

बघतायत हे मी सहज नाही लिहिलं. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात कोल्हापूरच्या एका खासदारांनी भर सभेत सांगितलं होतं की योजनेचे पैसे घेऊन ज्या बायका काँग्रेसच्या रॅलीत दिसतील त्यांचे फोटो काढून द्या. टीका झाली, माफी मागितली, निवडणूक आयोगाने दखल घेतली. पण ज्या बाईने ते ऐकलं तिच्या मनातून ते माफीने निघतं का? तिचं नाव यादीत, तिचं खातं यादीत, तिचा नंबर यादीत, आणि आता फोटो. आमच्या इथे एकीने मला विचारलं, मॅडम, मशीनमध्ये कळतं का हो कुणाला दिलं ते. मी दहा वेळा सांगितलं, नाही कळत, कुणालाच नाही कळत. तिचा विश्वास बसला की नाही मला आजही सांगता येणार नाही. आणि जी बाई फेसबुकवर उघड राजकीय मत लिहिते तिच्या खाली काय कमेंट येतात, तिच्या रूपावर, लग्नावर, चारित्र्यावर, हे वेगळं सांगायला नको. पुरुषाने लिहिलं तर त्याला चमचा म्हणतात. बाईने लिहिलं तर तिला काय म्हणतात ते मी इथे लिहू शकत नाही. मग सुना स्टेटसला फक्त देवाचे फोटो ठेवतात यात नवल काय.

निवडणूक आयोगाने सोयी पुष्कळ केल्यात, मी त्यांचं काम आतून बघते. सी-व्हिजिल अॅप आहे, आचारसंहिता मोडताना दिसली की फोटो टाका, शंभर मिनिटांत कारवाईचं सांगतात. उमेदवाराचं शपथपत्र अॅपवर आहे. गुन्हे असतील तर उमेदवाराला ते पेपरमध्ये आणि टीव्हीवर तीन तीन वेळा छापावे-दाखवावे लागतात. बायकांनी चालवलेली सखी मतदान केंद्रं असतात. पण यातलं बरंचसं स्मार्टफोन असलेल्या, डेटा असलेल्या, वेळ असलेल्या माणसाला धरून केलंय. शपथपत्र म्हणजे स्कॅन केलेली वीस-पंचवीस पानं, बारीक अक्षर, फोनवर झूम करून वाचायची. गुन्ह्यांची जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर चौकटीत, आणि पेपर सलूनमध्ये. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहतं, आडनाव बदललेलं, आधारवर एक आणि यादीत एक, फॉर्म ८ भरायचा असतो हे तिला कुणी सांगत नाही, मतदानाच्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहते आणि यादीत नाव नसतं. परत जाणाऱ्या अशा पोरींचे चेहरे माझ्या लक्षात राहतात.

आणि उमेदवार बाई असली की सगळं बदलेल असंही नाही, पण निदान टीव्हीवर बाई दिसेल तरी! विधानसभेत २८८ मध्ये २०२४ ला निवडून आलेल्या बायका २१. त्याआधी २०१९ ला २४ होत्या, म्हणजे मतं वाढली आणि आमदार घटल्या. लोकसभेत ७८ वरून ७४. संसदेत सप्टेंबर २०२३ ला आरक्षणाचा कायदा झाला, त्याला जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट आहे. पंचायतीत मात्र बायका निम्म्या, कारण तिथे कायद्याने दिल्यात. पक्षांना बाईचं मत हवंय, तिला तिकीट द्यायला ते तयार नाहीत, आणि पॅनेल चर्चेत चार पुरुषांमध्ये एक बाई बसवली की चॅनेलला वाटतं झालं.

मला विचाराल काय करावं तर माझ्याकडे एकच प्रयोग आहे, छोटा आहे. कायद्याप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या गोळा करून होते. ती खरी व्हावी, आणि निवडणुकीच्या वर्षात तिथे, किंवा बचत गटाच्या मीटिंगमध्ये, उमेदवारांची शपथपत्रं मोठ्याने वाचली जावीत, कुणीही मत सांगायचं नाही, फक्त वाचायचं, सगळ्या उमेदवारांचं वाचायचं. चॅनेलवाल्यांनी दुपारी दोन ते चारमध्ये एक तास द्यावा, ओरडाआरडा नको, मतदारसंघाची माहिती साध्या भाषेत द्यावी. रेडिओवर द्यावी, रेडिओ कामं करता करता ऐकता येतो. त्याला काही कोटी लागत नाहीत.

आम्ही २०२४ ला हे करून बघितलं. मी सरकारी नोकर, म्हणून मी वाचलं नाही, गटातल्याच बी.ए. झालेल्या एका सुनेने वाचलं, मी फक्त फाईल डाऊनलोड कशी करायची ते दाखवलं. अर्ज मागे घ्यायची तारीख होती ४ नोव्हेंबर आणि मतदान २० ला, मध्ये सोळा दिवस, त्यात दिवाळीचं पाहुणपण आणि सोयाबीनची कामं. एकच मीटिंग मिळाली, अठरा बायका होत्या, बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. वाचता वाचता उमेदवाराच्या बायकोच्या मालमत्तेचा रकाना आला. तिच्या नावावर किती एकर, किती तोळे, कुठे प्लॉट, कुठल्या बँकेत किती कर्ज. सगळ्या शांत झाल्या. मग मागून एकीने विचारलं, "हे सगळं तिच्या नावावर हाये हे त्या बाईला म्हाईत आसंल का?"

यावर तासभर बोलणं झालं. आपल्या घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव, आपल्या नावावर नवऱ्याने काढलेलं कर्ज, जामीन म्हणून केलेले अंगठे, सगळं निघालं. दुसऱ्या उमेदवाराचं वाचायचं राहूनच गेलं, पुढच्या मीटिंगला वाचू म्हणून उठलो, आणि पुढच्या मीटिंगच्या आधी मतदान होऊन गेलं.